अस्सल, नक्कल आणि नवी तबकडी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं मुंज झाली. दुसरी पंगत बसली असतां थोरला पुतण्या जिलबीचें ताट घेऊन वाढावयास आला, आणि त्याच्या मनगटावरील घड्याळ पाहुण्यांच्या डोळ्यांत भरलें. भरावें असेंच तें होतें. चपटें, पोलादी, कांचेभोंवतीं आठ कोनांचें कडें, कड्यावर आठ स्क्रू, तबकडीवर बारीक चौकड्यांची निळी नक्षी. पंगतींत त्याचे मुंबईचे मामा होते. मामांना घड्याळांचा नाद. कोंकणांतल्या माणसाला आंब्यांचा असतो तितकाच खोल. त्यांनीं भाच्याचा हात धरला, खिडकीच्या उजेडाकडे किंचित् वळविला, क्षणभर निरखून पाहिलें, आणि एक शब्दहि न बोलतां त्याच्या झब्ब्याची बाही घड्याळावरून खालीं ओढून दिली. मग म्हणाले, "दोनच वाढ. जास्त नको."

रात्रीं निजानीज झाल्यावर पुतण्या आमच्या खोलींत आला. घड्याळ बाजारांत ज्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात त्या जातीचें होतें. सहा हजारांस घेतलेलें. अस्सलाची किंमत कित्येक लाख. "काका," तो म्हणाला, "मामांनीं चारचौघांत माझी लाज राखली, हें मला कळतं. पण वेळ तर हेंहि दाखवतं. मामांच्या घड्याळापेक्षां बरोबर दाखवतं! दिसायला तेंच आहे. मग अस्सल अस्सल म्हणतात तें त्यांत नक्की काय असतं?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. त्याचें उत्तर त्या रात्रीं आम्हांस देतां आलें नाहीं. पुढें सवडीनें वाचून आणि जाणत्यांस विचारून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम त्या स्क्रूंविषयीं. पुतण्याच्या मनगटावर ज्याची नक्कल होती, त्या घड्याळाचें नांव 'रॉयल ओक'. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांतील ल ब्रासू या गांवीं १८७५ पासून चालत आलेल्या ओदमार पिगे या कारखान्यानें तें १९७२ सालीं बाजारांत आणलें. त्याचें चित्र काढलें जेराल्ड जेंटा या रचनाकारानें, आणि तें एका रात्रींत काढल्याचें तो पुढें सांगत असे. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरील, आठ स्क्रूंनीं आवळलेलें कांचेचें कडें त्याच्या डोळ्यांपुढें होतें. घड्याळ साध्या पोलादाचें, आणि किंमत मात्र ३,३०० स्विस फ्रँक. म्हणजे त्या काळच्या कित्येक सोन्याच्या घड्याळांहून अधिक. स्वयंपाकघरांतल्या भांड्याच्या धातूस सोन्याचा भाव मागणारा हा कारखाना लवकरच बुडेल, असें पुष्कळांस वाटलें. तो बुडाला नाहीं; आज त्याचें मुख्य नांव त्या घड्याळावरच उभें आहे.

आतां खुबी अशी कीं, अस्सल रॉयल ओकवरील स्क्रू हे नेहमींच्या अर्थानें स्क्रू नव्हेतच. त्यांचीं डोकीं षट्कोनी असून कड्यांतील तशाच षट्कोनी खळग्यांत तीं बसतात. तीं फिरूंच शकत नाहींत. आवळावयाचें तें मागच्या बाजूनें. त्यामुळें आठहि डोक्यांवरील खांचा कड्याच्या गोलाईस धरून एका शिस्तींत दिसतात. पुतण्याच्या घड्याळाचे स्क्रू साधे, पुढून पिळलेले. एकाची खांच पूर्वेस तर दुसऱ्याची आग्नेयेस. मामांनीं उजेडांत पाहिलें तें एवढेंच. तबकडीच्या नक्षीचीहि तीच कथा. मूळ नक्षी जुन्या धर्तीच्या यंत्रावर कोरतात. एका मोठ्या सांच्यावरून सुई फिरते, आणि तिच्या प्रत्येक हालचालीबरहुकूम, पुष्कळ लहान प्रमाणांत, कोरणी तबकडीवर उतरते. नकलेंत तीच नक्षी एका दाबांत ठशानें उठविलेली असते. लांबून दोन्ही सारख्या. भिंग लावलें कीं, पहिलीच्या चौकड्यांच्या कडा उजेड कापतात आणि दुसरीच्या कडा उजेड पिऊन मंद बसतात.

पण हें सर्व ऐकून पुतण्या म्हणेल कीं, स्क्रूची खांच कुठें वळली आहे यासाठीं कोणी लाखों रुपये कां मोजावेत? याचें उत्तर देण्यापूर्वीं त्याची बाजू पुरी मांडली पाहिजे, कारण ती दिसते त्यापेक्षां बळकट आहे.

इ. स. १९६९ च्या नाताळाच्या दिवशीं टोकियोंत सीको कंपनीनें 'अ‍ॅस्ट्रॉन' हें पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकावयास काढलें. किंमत साडेचार लक्ष येन. तेवढ्यांत लहान मोटार येई. तथापि पुढील दहाबारा वर्षांतच हें यंत्र इतकें स्वस्त झालें कीं, शाळकरी मुलांच्या हातीं आलें. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. उत्तम यांत्रिक घड्याळाचें समतोल चक्र तेवढ्याच वेळांत बहुधा आठ ठोके देतें. म्हणून शेंदोनशें रुपयांचें क्वार्ट्झ महिन्याकाठीं दहापंधरा सेकंदच चुकतें, आणि स्वित्झर्लंडमध्यें ज्यास 'क्रोनोमीटर' ही पदवी मिळते त्या यांत्रिक घड्याळास रोजचे चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें एवढी मुभा असते. या एका शोधानें स्विस धंद्याची दाणादाण उडाली. १९७० च्या सुमारास या धंद्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसें होतीं. १९८५ च्या आगेंमागें ती संख्या तीस हजारांच्या थोडी वर येऊन ठेपली. खोऱ्याखोऱ्यांतून कारखान्यांस कुलुपें लागलीं.

तेव्हां केवळ वेळ पाहिजे असेल तर पुतण्याच्या सहा हजारांतले पांच हजार आठशेंहि वायांच गेले. हें मान्य केल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. भारी घड्याळ विकणारे लोक आपल्या जाहिरातींतून अचूकपणाचा जो घोष करतात, तो आमच्या मतें त्यांच्या मालाचा सर्वांत दुबळा भाग आहे. ज्या वस्तूचा उपयोग दुसऱ्या वस्तूनें स्वस्तांत आणि अधिक चांगला साधतो, ती वस्तु उपयोगासाठीं विकली जात नाहीं. मग ती कशासाठीं विकली जाते? रूपासाठीं, तें घडविणाऱ्या हातासाठीं, आणि ती तीच आहे या खात्रीसाठीं. नक्कल करणारा यांतलें रूप तेवढें उचलतो.

म्हणूनच हे कारखाने रूपास हात लावावयाचा तर देवळाच्या जीर्णोद्धारासारखे भीतभीत लावतात. रोलेक्सचें पाणबुड्यांसाठीं केलेलें 'सबमरीनर' १९५३ चें. २०२० च्या सप्टेंबरांत त्याचें नवें रूप आलें तेव्हां जगभर केवढी चर्चा झाली! आणि बदल तो किती? ४० मिलिमीटरचा व्यास ४१ झाला, पट्टा जोडणारीं शिंगें थोडीं सडपातळ झालीं, आंतलें मशीन नवें आलें. शंभरांतल्या नव्वद माणसांस जुनें व नवें शेजारीं ठेवूनहि भेद सांगतां येणार नाहीं. चंद्रावर गेलेलें म्हणून प्रसिद्ध असलेलें ओमेगाचें 'स्पीडमास्टर' २०२१ सालीं नव्यानें आलें, तें तर पुढें जाण्याऐवजीं मागें गेलें; कड्यावरील ९० या आंकड्याजवळचा एक ठिपका जुन्या घड्याळांत आंकड्याच्या माथ्यावर असे, मध्यंतरीं तो बाजूस सरकला होता, तो पुनः माथ्यावर नेऊन बसविला. ठिपका! आणि लोकांनीं तो मोजून पाहिला. २०२२ सालीं रॉयल ओकला पन्नास वर्षें झालीं, तेव्हां त्याच्या मूळ ३९ मिलिमीटरच्या नमुन्यांतलें जवळजवळ आरंभापासूनचें मशीन बदललें. नवें मशीन एका किल्लीवर ५५ तास चालतें, जुनें ४० तास चाले. बाहेरून मात्र तें घड्याळ आजोबांचा चेहरा नातवानें उचलावा तसेंच राहिलें. आम्हांस यांत व्यापाराचें धोरण दिसतें हें खरें. परंतु त्याबरोबर एक प्रकारची मर्यादाहि दिसते. जें रूप लोकांनीं पन्नास वर्षें ओळखलें, तें एकट्या मालकाचें राहत नाहीं.

नक्कल हा कांहीं आजचा रोग नाहीं. लंडनचा टॉम्पियन हा घड्याळजी १७१३ सालीं वारला व वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत पुरला गेला, एवढा त्याचा मान. त्याची एक आख्यायिका सांगतात. एक गृहस्थ त्याच्याकडे घड्याळ दुरुस्तीस घेऊन आला. घड्याळावर नांव टॉम्पियनचेंच, काम मात्र भलत्याचें. टॉम्पियननें तें तिथल्या तिथें हातोडीनें फोडलें, आणि आपलें एक घड्याळ त्या गृहस्थाच्या हातीं ठेवून म्हणाला कीं, हें माझ्या हातचें. गोष्ट खरी असो वा नसो, ती प्रचारांत यावी इतके त्याच्या नांवाचे चोर होते, हें तर उघडच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत अशीं घड्याळें ढिगानें होत, आणि त्यांवर 'टार्ट्स, लंडन' अशीं घडीव नांवें कोरलेलीं असत. इंग्लंडांतलें काम म्हटलें कीं दाम चढतो, एवढेंच त्या नांवाचें प्रयोजन.

पॅरिसच्या अब्राहाम-लुई ब्रेगे यानें यावर जी तोड काढली ती मोठी रम्य आहे. १७९५ च्या सुमारास तो आपल्या तबकड्यांवर इतकी बारीक सही कोरूं लागला कीं, ती समोरून पाहतां दिसूंच नये. घड्याळ तिरपें धरून त्यावरून उजेड घसरूं दिला म्हणजेच अक्षरें उमटावीं. ब्रेगेचे नकलाकार तीहि सही करूं लागले हें पुढचें दुर्दैव. आणि गंमत अशी कीं, दोनशें वर्षांनीं रोलेक्सनेंहि तेंच केलें. इ. स. २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपासून त्या घड्याळांच्या कांचेंत, सहाच्या आंकड्याशीं, लेसरच्या किरणानें टिंबाटिंबांचा एक इवलासा मुकुट कोरलेला असतो. साध्या डोळ्यांस तो दिसतो न दिसतो. आतां नकलेंतहि मुकुट असतो. फक्त तो चटकन् दिसतो. खोट्याला आपण ओळखलें जावें याची घाई असते.

जिनिव्हा शहरानें तर १८८६ सालीं कायदाच करून आपल्या घड्याळांस शहराच्या चिन्हाची मोहोर लावली, कारण भलतेच लोक तेथील नांव लावून माल खपवीत. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेड मार्क्स अ‍ॅक्टान्वयें खोटें व्यापारचिन्ह लावणारास व तसा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लक्षांपर्यंत दंड सांगितला आहे. पुतण्यास हें सांगितलें तेव्हां तो जरा दचकला. रोख विकणाऱ्यावर आहे, मनगटावर बांधणाऱ्यावर नाहीं, असें सांगून आम्हीं त्यास शांत केलें. मात्र ज्या दुकानांत तें चिन्ह चोरून लावलें जातें, तेथें कामकऱ्याच्या हातापायांची, मालाच्या धातूची किंवा गिऱ्हाइकाच्या पाण्यांत जाणाऱ्या घड्याळाची कोणी फिकीर करीत असेल असें मानण्यास आधार नाहीं. तबकडीवर खोलीचे मीटर छापणें सोपें. पाणी आंत न येऊं देणें कठीण.

येथवर अस्सल आणि नक्कल हीं दोन टोकें स्पष्ट होतीं. आमची पंचाईत पुढें झाली.

२०२१ च्या नोव्हेंबरांत जिनिव्हा येथें १९५७ सालच्या ओमेगा स्पीडमास्टरचा लिलांव झाला. काळानें तपकिरी पडलेली तबकडी हें त्याचें भूषण. किंमत आली एकतीस लक्ष स्विस फ्रँकांहून अधिक. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठीं. २०२३ सालीं त्याच कंपनीनें जाहीर केलें कीं, तें घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलें होतें, आणि त्या कारस्थानांत तिचेच माजी नोकर होते. म्हणजे बहुतेक भाग ओमेगाचेच. खोटें होतें तें मुख्यतः एक वाक्य, कीं हे भाग १९५७ पासून एकमेकांसोबत आहेत. भाग बहुतेक अस्सल आणि वस्तु नक्कल! असें घड्याळ टॉम्पियनच्या हातोडीखालीं घालावें कीं नाहीं, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आणि याच ठिकाणीं आमच्या स्वतःच्या घरांतील एक गोष्ट सांगणें भाग आहे.

वडिलांचें घड्याळ एच. एम. टी.चें 'जनता' होतें. सतरा खड्यांचें, रोज किल्ली द्यावयाचें. बंगळूरच्या त्या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ सालीं घड्याळें काढण्यास आरंभ केला, आणि पुढें पंचवीस वर्षें मध्यम स्थितींतल्या माणसाचें घड्याळ म्हणजे एच. एम. टी. असें समीकरण होतें. २०१६ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें ती घड्याळ-कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. वडिलांनीं आपलें घड्याळ १९७४ सालीं पगारवाढ झाली तेव्हां घेतलें, आणि शेवटच्या आजारापर्यंत सकाळच्या संध्येनंतर तें हातीं घेऊन किल्ली दिली. तबकडी मूळची पांढरी. पुढें ती तुपाच्या रंगाची झाली होती. चाराच्या आंकड्याशीं गंजाचा एक डाग होता. विहिरीवर पोहरा सुटला त्या दिवशीं पाणी आंत गेलें, त्याची ती खूण. वडील गेल्यावर आईनें तें देवघराच्या फडताळांत ठेविलें.

दोन वर्षांपूर्वीं तें बंद पडलें. आम्हीं पेठेंतल्या एका घड्याळजीकडे साफ करण्यास दिलें. आठ दिवसांनीं त्यानें तें परत दिलें, आणि स्वतःच्या कामावर खूष होऊन म्हणाला, "नवंकोरं करून दिलंय." तबकडी चुन्यासारखी पांढरीशुभ्र. आंकडे काळे कुळकुळीत. 'जनता' हीं अक्षरें किंचित् उजवीकडे कललेलीं. चाराजवळ कांहीं नाहीं. त्यानें रंगाचे पैसेहि वेगळे लावले नव्हते. आम्हीं जुनी तबकडी मागितली, तेव्हां तो गोंधळला. तबकडी तीच होती. घासून तिच्यावर नवा रंग चढविला होता. परत मिळण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. त्या माणसावर रागावणेंहि आम्हांस जमलें नाहीं. त्यानें आपल्या परी उपकारच केला होता.

पुढें कळलें कीं, अशा घड्याळांना परदेशांतील संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि तें नांव कौतुकाचें नव्हे. जुनीं एच. एम. टी., फेवर-ल्युबा, सीको आपल्याकडे रंगवून, दुसऱ्याच घड्याळाचे कांटे घालून, चकचकीत करून थोडक्या पैशांत जगभर जातात. फेवर-ल्युबा तर १८६५ पासून मुंबईंत पाय रोवून होती. तिचीं घड्याळें आजोबांच्या पिढीपासून घरोघर आहेत. या धंद्यास सरसकट शिव्या देणें आम्हांस पटत नाहीं. परदेशी घड्याळाच्या आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, अशा काळांत आपल्या घड्याळजींनीं एकाचें चक्र दुसऱ्यास लावून, पुसट झालेले आंकडे हातानें रंगवून तीं चालतीं ठेविलीं. फाटकें लुगडें टाकून न देतां त्याची गोधडी करणारी ही माणसें. गोधडीला गोधडी म्हणून विकावें. कोरी पैठणी म्हणून विकूं नये, एवढेंच आमचें मागणें. पण स्वीकारलें पाहिजे कीं, ज्या दिवशीं घड्याळजीच्या कपाटांतील त्या पांढऱ्या तबकडीकडे आम्हीं पाहिलें, त्या दिवशीं हा सर्व समंजसपणा आमच्यापाशीं नव्हता.

आम्हीं घड्याळ घरीं आणून आईच्या हातांत दिलें. तिनें तें पाहिलें आणि विचारलें, "हें कुणाचं?" मग सांगितल्यावर तिनें तें कानाशीं धरलें. बराच वेळ धरलें. म्हणाली, "आवाज त्यांचाच आहे रे. तोंड मात्र कुणा परक्याचं."

ही हकीकत पुतण्यास ठाऊक नव्हती. त्या रात्रीं त्याच्या प्रश्नावर आम्हांस दुसरें कांहीं सुचलें नाहीं, म्हणून फडताळांतून तें 'जनता' आणून त्याच्या फर्स्ट कॉपीशेजारीं गादीवर ठेविलें. दोन घड्याळें: एकाचें सर्वांग खोटें, एकाचा फक्त चेहरा. त्यानें दोन्ही उलटीं करून पाहिलीं. 'जनता'च्या पाठीवर सुईनें कोरलेलीं वडिलांचीं आद्याक्षरें त्याच्या बोटाला लागलीं. "हीं आजोबांनीं स्वतः कोरलीं?" त्यानें विचारलें. होय म्हटल्यावर त्यानें किल्ली दोनचारदां फिरविली आणि आजीनें धरलें होतें तसेंच तें कानाशीं धरलें.

आतां तो मधूनमधून रविवारीं येऊन त्यास किल्ली देऊन जातो. अष्टकोनी घड्याळ त्यानें टाकलेलें नाहीं. सहा हजार कांहीं थोडे नव्हेत. कचेरींत तें बांधतो. मामांकडे जावयाचें असलें म्हणजे मात्र काढून ठेवतो, आणि मोकळ्या मनगटानें जातो.